कोरीव मेंडोलिन आणि त्याचा कारागीर

वाद्यांचा इतिहास म्हणून जे आपण वाचतो तो बहुधा वादकांचा इतिहास असतो. बीन कोणी वाजविली, कोणत्या दरबारात वाजविली, आणि ती विद्या पुढे कोणाच्या घरी गेली, याची वंशावळ तोंडपाठ असलेले रसिक आपल्यात पुष्कळ आढळतात. ती बीन घडविली कोणी, असा प्रश्न केला म्हणजे मात्र बैठकीत शांतता पसरते. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर वाजले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वस्तीतून हा धंदा ज्यांनी उभा केला त्या फरीदसाहेब सतारमेकरांचे नाव मिरजेबाहेर किती जणांस ठाऊक असेल? कारागिराचे नाव विस्मृतीत जाणे ही जणू या व्यवसायाची रीतच होय.

या रीतीच्या अगदी उलट असे एक उदाहरण आहे. तेथे कारागिराचे नाव जगभर झाले, लक्षावधी वाद्यांच्या माथ्यावर ते कोरले गेले. आणि तरीही तो माणूस स्वतःच्या नावापासून दूर, एका रुग्णालयात निवर्तला. त्याने घडविलेले विलक्षण मेंडोलिन आणि त्या मेंडोलिनाचे पुढे काय झाले याची हकीकत येथे सांगावयाची आहे. ऑर्व्हिल गिब्सन हे त्याचे नाव, आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यातले कॅलमाझू हे त्याचे गाव.

प्रथम ऑर्व्हिलपूर्वीचे मेंडोलिन कसे होते ते पाहिले पाहिजे. आज ज्याला आपण मेंडोलिन म्हणतो त्याचे मूळ रूप अठराव्या शतकाच्या मध्यास इटलीतील नेपल्स शहरी स्थिरावले. व्हिनाचिया घराण्यातील कारागिरांचा त्यात मोठा वाटा होता. तारांच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा. त्यांची स्वरजुळणी व्हायोलिनसारखी. आणि पाठ मात्र वाटोळी, अर्ध्या कापलेल्या नासपतीसारखी. ही पाठ अखंड लाकडाची नसे. लाकडाच्या पातळ, अरुंद फाळी उष्णतेने वाकवून, एकीला एक चिकटवून ती बांधीत. वरची तबली सपाट फळीची, घोडीच्या जरा खाली किंचित मोडलेली. एकोणिसाव्या शतकात पास्क्वाले व्हिनाचिया याने पोलादी तारा, दातेरी चाकांच्या खुंट्या आणि लांबविलेली दांडी यांची जोड देऊन या वाद्याला आजचे स्वरूप आणले. त्याच्या पूर्वीही या वाद्याला मोठ्या संगीतकारांचा सहवास लाभला होता. व्हिवाल्डीने त्याच्यासाठी कंचेर्तो लिहिला, मोझार्टने १७८७ च्या आपल्या ‘डॉन जोव्हानी’ या संगीतिकेत नायकाच्या प्रेमगीताला मेंडोलिनाची साथ दिली, आणि तरुण बेथोव्हेननेही त्याच्यासाठी लहान लहान रचना केल्या.

अमेरिकेत या वाद्याची हौस पसरली ती मात्र एका गमतीदार घोटाळ्यातून. १८८० च्या जानेवारीत ‘स्पॅनिश विद्यार्थी’ या नावाने ओळखला जाणारा वादकांचा एक ताफा न्यूयॉर्कला उतरला. त्यांच्या हाती होती ती बांदुरिया नावाची स्पेनची तंतुवाद्ये. पण ऐकणाऱ्यांना ती मेंडोलिनेच वाटली. ताफा लोकप्रिय झालेला पाहताच न्यूयॉर्कमधील इटालियन वादकांनी तसाच पोशाख चढविला, आपली खरी मेंडोलिने हाती घेतली आणि कार्यक्रम सुरू केले. पुढील वीस वर्षांत अमेरिकेतील गावोगाव आणि कॉलेजाकॉलेजांतून मेंडोलिन-मंडळे निघाली. शिकागोच्या लायन अँड हीलीसारखे कारखाने ही वाद्ये हजारोंनी काढू लागले. गोल पाठीवरच्या फिकट-गडद पट्ट्यांमुळे लोक त्या मेंडोलिनाला थट्टेने ‘बटाट्यावरचा किडा’ म्हणत.

असा हा बाजार तेजीत असताना ऑर्व्हिल गिब्सन कॅलमाझूमध्ये नोकरी करून पोट भरीत होता. त्याचा जन्म १८५६ चा, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला असलेल्या शातोगे या खेड्याजवळचा. वडील इंग्लंडातून आलेले. तरुणपणी तो पश्चिमेकडे मिशिगनमध्ये आला आणि जोड्यांच्या दुकानात कामाला राहिला. लाकूडकाम हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग होता, आणि तो स्वतः गातवाजवीतही असे. कोणा नामांकित वाद्यकाराच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली नव्हती. हे त्याचे न्यून होते आणि बळही होते. परंपरेत वाढलेल्या कारागिराला जो प्रश्न कधी पडलाच नसता तो त्याला पडला : लाकूड वाकवावयाचेच कशासाठी?

या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर १ फेब्रुवारी १८९८ रोजी मिळालेल्या अमेरिकन पेटंट क्रमांक ५,९८,२४५ मध्ये नोंदलेले आहे. त्याच्या नावावर असलेले हे एकमेव पेटंट. सरकारी कागद वाचण्यातच ज्यांचे दिवस जातात त्या आमच्यासारख्यांना अशा दस्तऐवजात एक वेगळीच गोडी लागते. त्याची भाषा रूक्ष असते, वाक्ये वकिली वळणाची असतात. तरी त्यांच्या आडून अर्जदाराची तळमळ डोकावल्यावाचून राहत नाही. ऑर्व्हिलचे म्हणणे थोडक्यात असे : आजवरची मेंडोलिने फार तुकड्यांची बनलेली असतात. आत ठोकळे असतात, जोडपट्ट्या असतात, आधाराच्या आडव्या काठ्या असतात. हे सारे मिळून लाकडाच्या कंपनाला अडवितात. वाकवून, दाबून, सक्तीने आकारात बसविलेले लाकूड मोकळेपणी बोलत नाही.

म्हणून त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, तबली आणि पाठ सपाट फळीची न करता जाड लाकडातून कोरून काढली. बाहेरून फुगीर, आतून पोखरलेली, मध्ये जाड आणि कडेकडे पातळ होत जाणारी. हा गुण त्याने व्हायोलिनपासून उचलला होता. दुसरी, बाजूची भिंत पट्टी वाकवून न करता भरीव लाकडातूनच हव्या त्या वळणाने कापून काढली. येथे तो व्हायोलिनच्याही पुढे गेला. कारण क्रेमोनाचा स्ट्राडिव्हारी झाला तरी बाजूच्या पट्ट्या ऊब देऊन वाकवीतच असे. तिसरी, दांडीचा काही भाग आतून पोकळ ठेवून तेथील हवाही वाद्याच्या पोटातील हवेला जोडली. आतील काठ्या आणि ठोकळे नाहीसे झाले. नासपतीची पाठ जाऊन तिच्या जागी हलकेच फुगलेली पाठ आली, आणि मेंडोलिन मांडीवरून निसटेनासे झाले.

अशा वाद्याला किती लाकूड लागे आणि त्यातले किती ढलप्या होऊन खाली पडे, याची कल्पना सुतारकाम पाहिलेल्या कोणालाही येईल. वेळ तर विचारावयासच नको. पण ऑर्व्हिल एवढ्यावर थांबला नाही. त्याने वाद्याचा आकारही निराळा केला. एक साधा, दोन्ही अंगांनी सारखा, थेंबासारखा. आणि दुसरा असा की तसे मेंडोलिन त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. या दुसऱ्या प्रकारात वरच्या डाव्या खांद्याचे लाकूड शंखाच्या वळशासारखे गुंडाळत जाते आणि कडांना अणकुचीदार टोके फुटतात. त्याच्या काही वाद्यांच्या माथ्यावर शिंपल्यात जडविलेली चंद्रकोर आणि तारा दिसतात. हा वळसा आणि ही टोके नादासाठी आवश्यक होती असे म्हणता येत नाही. परंतु वाकविलेल्या पट्टीतून जो आकार सहजी निघाला नसता तो कोरलेल्या लाकडातून निघू शकतो, हे जणू त्याला जगाला दाखवावयाचे होते. कोरण्याच्या पद्धतीनेच त्याला या आकाराचे स्वातंत्र्य दिले होते.

येथे आपल्याकडील एका परंपरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. तंजावरची ‘एकांड वीणा’ फणसाच्या एकाच अखंड लाकडातून कोरून काढतात; भोपळ्यासारखे पोट, दांडी आणि माथा यांत कोठेही सांधा नसतो. जोडून केलेल्या वीणेपेक्षा तिची किंमत आणि प्रतिष्ठा अधिक मानली जाते, आणि त्यामागचा विश्वास ऑर्व्हिलच्याच जातीचा आहे : लाकूड एक असले की नादही एक राहतो. उत्तरेकडील सारंगी आणि सरोद हीदेखील अशीच लाकूड पोखरून केलेली वाद्ये. ज्या तंजावरात १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते आणि जेथील घरांतून आजही मराठी बोलली जाते, तेथील सुताराला ऑर्व्हिलचे पेटंट वाचून दाखविले असते तर त्यात नवीन ते काय, असेच तो म्हणाला असता. कॅलमाझूच्या माणसाला तंजावरची खबर असण्याचे कारण नव्हते. लाकूड आणि पटाशी यांच्याशी दीर्घकाळ झटणारी माणसे दूरदूरच्या देशांत राहूनही एकाच विचाराशी येऊन पोहोचतात, एवढाच याचा अर्थ.

ऑर्व्हिलच्या वाद्यांचा नाद मोठा आणि भरीव होता, मागणी वाढत होती, आणि एकट्या हाताने ती पुरी होणे शक्य नव्हते. १९०२ च्या ऑक्टोबरात कॅलमाझूतील पाच गृहस्थांनी भागीदारी करून ‘गिब्सन मेंडोलिन-गिटार मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. या पाचांत ऑर्व्हिल नव्हता. त्याच्या पेटंटाचे हक्क कंपनीने २,५०० डॉलरना घेतले, आणि त्याचे नाव पाटीवर चढले. कारागिरांना शिकविणे आणि सल्ला देणे एवढे काम त्याच्याकडे राहिले. पुढे हळूहळू तेही सुटत गेले. १९०८ पासून कंपनी त्याला वर्षाकाठी ५०० डॉलर देत असे.

या व्यवहारात कोणी कोणाला फसविले असे आम्ही म्हणणार नाही. कागदावर सह्या झाल्या होत्या आणि ठरलेले पैसे दिले गेले होते. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता कंपनीवाचून ते मेंडोलिन एका खोलीतच राहिले असते. कंपनीने ते शिक्षकांच्या हाती दिले. गावोगावचे वादनशिक्षकच तिचे विक्रेते झाले. मेंडोलिनाच्या जोडीला तिने मंडोला, मंडोचेलो, एवढेच नव्हे तर उभे राहून वाजवावयाचे मंडोबासही काढले आणि व्हायोलिनच्या कुटुंबासारखे मेंडोलिनाचे संपूर्ण कुटुंब उभे केले. १९१७ मध्ये पार्सन्स रस्त्यावर तिचा मोठा कारखाना झाला. ऑर्व्हिलकडून हे झाले नसते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु कारखान्याला जे परवडले नाही ते कारखान्याने सोडून दिले. भरीव लाकडातून बाजू कापण्याची पद्धत लवकरच गेली, आणि तिच्या जागी ऑर्व्हिलने ज्यांच्याविरुद्ध पेटंट घेतले होते त्या वाकविलेल्या पट्ट्याच आल्या. आत ठोकळे परत आले. पुढे पोकळ दांडीही गेली, कारण पोलादी तारांच्या सततच्या ओढीपुढे दांडी जितकी भरीव तितकी बरी. म्हणजे ज्या पेटंटासाठी कंपनीने पैसे मोजले होते त्यातील तीन गोष्टींपैकी दोन तिनेच रद्द केल्या, आणि माथ्यावरचे ‘द गिब्सन’ हे नाव मात्र शिंपल्यात जडविलेले तसेच राहिले.

ऑर्व्हिल हे सारे पाहत होता की नाही, पाहून त्याला काय वाटले, हे त्याने लिहून ठेवलेले नाही. १९०७ नंतर त्याच्या प्रकृतीच्या तक्रारी सुरू झाल्या आणि तो वेळोवेळी रुग्णालयात राहू लागला. अखेरीस तो आपल्या मूळच्या न्यूयॉर्क राज्यात परतला. ऑग्डेन्सबर्ग येथील सेंट लॉरेन्स या मनोरुग्णालयात १९१८ च्या ऑगस्टात, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. पेटंटाची १७ वर्षांची मुदत त्यापूर्वी तीन वर्षे, १९१५ मध्ये, संपलेली होती.

त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षी, १९१९ मध्ये, लॉइड लोअर नावाचा एक वादक-अभियंता कंपनीत दाखल झाला. लोअरने ऑर्व्हिलच्या वळसेदार मेंडोलिनात व्हायोलिनचे उरलेले गुणही आणले. मधले अंडाकृती नादरंध्र बंद करून तबलीच्या दोन बाजूंना इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या वळणाची दोन रंध्रे ठेवली, दांडी लांबविली आणि तबलीच्या आत दोन नादपट्ट्या बसविल्या. १९२२ मध्ये आलेल्या या नमुन्याला ‘एफ-५’ म्हणतात. त्याच्या पोटातील चिठ्ठीवर लोअरची सही आणि परीक्षेची तारीख असे. किंमत होती २५० डॉलर. डॉलरचे मोल मधल्या वीस वर्षांत घटले होते हे खरे. तरीही ऑर्व्हिलच्या साऱ्या शोधाला मिळालेली किंमत अशा दहा मेंडोलिनांएवढी भरते, हा हिशेब मांडल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

एफ-५ बाजारात आले तोपर्यंत मेंडोलिनाचे दिवस सरले होते. जॅझचा जमाना आला होता आणि लोकांना बँजोचा खणखणाट हवा होता. १९२४ अखेर लोअर कंपनीतून बाहेर पडला. त्याच्या सहीची मेंडोलिने कपाटात, माळ्यावर, दुकानांच्या खिडक्यांत पडून राहिली. केंटकी राज्यात १९११ मध्ये जन्मलेल्या बिल मन्रो या वादकाने त्यांतीलच एक मेंडोलिन १९४० नंतरच्या दशकात फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात पाहिले आणि दीडशे डॉलरना विकत घेतले. त्यातील चिठ्ठीवर ९ जुलै १९२३ ही तारीख होती. या वाद्याच्या तीव्र, तुटक आणि दूरवर पोहोचणाऱ्या आवाजावर मन्रोने ‘ब्ल्यूग्रास’ नावाचा संगीतप्रकार उभा केला. १९८५ मध्ये कोणी अज्ञात इसमाने त्याच्या घरात शिरून त्या मेंडोलिनाच्या ठिकऱ्या उडविल्या. कारागिरांनी कपचीला कपची जुळवून ते पुन्हा सांधले, आणि मन्रो १९९६ मध्ये वारेपर्यंत तेच वाजवीत राहिला. तुकड्यांचे लाकूड मोकळेपणी बोलत नाही असे ऑर्व्हिल म्हणत असे. त्याच्या वंशातील सर्वांत प्रसिद्ध मेंडोलिन शेकडो तुकड्यांतून जोडले जाऊन बोलले, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

मग ऑर्व्हिलचे खरे किती आणि खोटे किती? वाकविलेल्या लाकडाविषयीचा त्याचा सिद्धान्त टिकला नाही. आज उत्तम म्हणून गणली जाणारी मेंडोलिने वाकविलेल्या बाजूंचीच असतात. दांडीतील पोकळीचाही कोणी आग्रह धरीत नाही. परंतु कोरलेली फुगीर तबली मात्र राहिली आणि तिनेच सर्व काही बदलले. याचे कारणही समजण्यासारखे आहे. पोलादी तारा घोडीला खाली दाबतात. सपाट फळी त्या भाराने हळूहळू खचते, म्हणून तिला आतून काठ्यांचा आधार द्यावा लागतो आणि त्या काठ्यांनी कंपन जखडते. फुगीर तबली दगडी कमानीप्रमाणे तो भार आपल्या आकारानेच पेलते. म्हणून ती कडेला पातळ ठेवता येते, आणि पातळ लाकूड चटकन हलते. ऑर्व्हिलने मांडलेले कारण अपुरे होते, पण त्याच्या कानाने आणि हाताने केलेली निवड अचूक होती. शोधाच्या इतिहासात असे अनेकदा घडते. माणूस एक संपूर्ण घर बांधतो आणि पुढची पिढी त्याची एकच खिडकी जपते. पण प्रकाश त्याच खिडकीतून आत येत असतो.

हिंदुस्थानात मेंडोलिन आले ते बव्हंशी मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातून कानी पडू लागले. सज्जाद हुसेन यांनी या पडद्यांच्या वाद्यातून मींड काढून दाखविली आणि त्यावर राग वाजविले. लक्ष्मीकांत कुडाळकर यांची संगीतातील पहिली ओळख बालवयातील मेंडोलिनवादक म्हणूनच होती. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडनावाने ते घरोघर पोहोचले. दक्षिणेत उप्पलपु श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी तर तारांच्या जोड्या काढून पाच एकेरी तारा ठेवल्या आणि भरीव लाकडाच्या विजेवरील मेंडोलिनावर कर्नाटक संगीत वाजवून विद्वानांची मान्यता मिळविली. आतल्या हवेसाठी ज्याने दांडीसुद्धा पोखरली त्या ऑर्व्हिलला हे भरीव मेंडोलिन पाहून काय वाटले असते, असा विचार मनात येतो. कदाचित तो हसला असता. कारण रूढ आकार मोडून आपल्या कानाला पटेल तसे वाद्य करून घेण्याचा हक्क त्यानेही बजावला होता.

राहता राहिला नावाचा प्रश्न. गिब्सन कंपनीने पुढे गिटारी काढल्या, मालक बदलले, कॅलमाझूचा कारखाना १९८४ मध्ये बंद होऊन सारा पसारा नॅशव्हिलकडे गेला, आणि २०१८ मध्ये, म्हणजे ऑर्व्हिलच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करून त्याच वर्षी त्यातून डोकेही वर काढले. या प्रत्येक उलाढालीत ‘गिब्सन’ या नावाची किंमत ठरविली गेली. माणसाचे नाव एकदा मालमत्ता झाले की ते त्या माणसावाचून जगू शकते.

आपल्याकडे याच प्रश्नाला अलीकडे एक निराळे उत्तर मिळाले आहे. तंजावरच्या वीणेला २०१३ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन देण्यात आले. १९९९ च्या ज्या कायद्याखाली हे मानांकन मिळते त्याचा एक विशेष असा की, हा हक्क कोणाला विकता येत नाही वा दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. तो त्या गावाचा आणि तेथे राबणाऱ्या हातांचा असतो. यात एकेकट्या कारागिराचे नाव झळकत नाही, फरीदसाहेबांचे नाव तरीही पडद्याआडच राहते, ही उणीव आम्ही नाकारीत नाही. परंतु अडीच हजार डॉलरना मिरज कोणी विकत घेऊ शकणार नाही, एवढी शाश्वती त्यात आहे.

ऑर्व्हिलच्या स्वतःच्या हातची जी थोडी मेंडोलिने उरली आहेत ती आता संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत आहेत. पुढच्या सुबक गिब्सनांपेक्षा ती अंगाने मोठी दिसतात. त्यांच्या बाजू भरीव लाकडातून कापलेल्या असतात आणि दांडीत पोकळी असते. कंपनीने टाकून दिलेले सारे काही त्यांत अजून शाबूत आहे. नाव विकले गेले, पेटंटाची मुदत संपली, सिद्धान्तही मागे पडला. परंतु पटाशीने पोखरलेल्या त्या लाकडात एका माणसाचा हट्ट जसाच्या तसा राहिला आहे, आणि तार छेडली म्हणजे तो आजही ऐकू येतो.